आमच्या जिल्ह्यात अजून न आलेलं औषध

डॉक्टर झाल्यावर माझी पहिली नेमणूक देवरूखच्याही आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी रत्नागिरी शहरात वाढलेली, कारकुनाची मुलगी. घरापासून तिथे पोचायला एस.टी. बदलून अर्धा दिवस जाई, म्हणून मी केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्येच राहत असे आणि जमेल त्या शनिवारी घरी येत असे.

आपली नोकरी सरकारी, एवढंच मला ठाऊक होतं. कुठल्या सरकारची, हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथे गेल्यावर हळूहळू कळत गेलं. मला नेमलं होतं राज्याने, पण रजा मागायची ती जिल्हा परिषदेकडे. इमारत जिल्हा परिषदेची. दारातली जीप कुटुंबकल्याणाची, म्हणजे दिल्लीच्या योजनेतून आलेली. हिवतापाचा कर्मचारी आमच्याच व्हरांड्यात बसायचा, पण त्याचा साहेब वेगळा. कुष्ठरोगाचं काम बघणारा सायकलवरून यायचा, त्याचं ऑफिस तिसरीकडे. आणि रत्नागिरीचं मोठं सिव्हिल हॉस्पिटल थेट राज्याच्या हाताखाली, तिथे जिल्हा परिषदेचा काही संबंध नाही. डोंगरावरून उतरून येणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत नसे आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. त्याच्या लेखी सगळा एकच सरकारी दवाखाना. मलाही या सगळ्याचा अर्थ नीट कळला तो एका नवराबायकोमुळे.

भातझोडणी उरकत आली होती तेव्हाची गोष्ट. वरच्या वाडीतली एक बाई आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरबरोबर दवाखान्यात आली. या सिस्टर कोल्हापूरकडच्या. गावात एका घराच्या पडवीत त्यांचं उपकेंद्र होतं आणि आसपासच्या सगळ्या वाड्या त्या पायी फिरत. बाई तिशीची असावी. बाकावर बसली ती इतर बायका निघून जाईपर्यंत बसूनच राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, त्यांच्या लघवीवाटं रगात जात व्हता."

नवरा मुंबईला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होता. दिवाळीला घरी आला तो हाडं उरलेला. खोकला होता. तिकडे महानगरपालिकेच्या दवाखान्यात टीबीचं औषध चालू केलंय, एवढं त्याने घरी सांगितलं होतं. गोळ्या घेत होता, आणि इथे आल्यावर एक दिवस लघवी तांबडी झालेली दिसली. दोघंही घाबरली. औषधाने आतून काहीतरी फाटलं असं वाटून बाईनेच गोळ्या माळ्यावर नेऊन ठेवल्या होत्या. चार-सहा दिवस झाले, लघवी साफ झाली, पण खोकला वाढला, म्हणून ती सिस्टरकडे गेली होती.

तिने पदराची गाठ सोडून एक कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली. लालसर, जड. शिकत असताना मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मी ती पाहिली होती. हे औषध पोटात गेलं की लघवीला रंग येतोच; रक्त नव्हे, औषधाचाच रंग. मी तिला तसं सांगितलं. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. मी चप्पल बदलली आणि सिस्टर, ती आणि मी वर निघालो.

नवरा पडवीच्या टोकाला घोंगडीवर पडून होता. त्याचं ताट-तांब्या त्याने स्वतःच वेगळं काढून ठेवलं होतं. मी विचारलं, मुंबईच्या डॉक्टरांनी रंगाचं काही सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेल, म्हणाला. तिथे इतकी रांग असते की आपला नंबर आला की माणूस फक्त मान हलवतो. मग महिनाभर मुंबईत गोळ्या घेताना कधी दिसलं कसं नाही? तर तो थोडा ओशाळून म्हणाला की चाळीच्या संडासात दिवाच नाही. इथे उघड्यावर, उन्हात, पहिल्यांदा दिसलं.

बाईने हे ऐकलं आणि तोंडावर पदर धरला. हसते आहे की रडते आहे ते मला कळलं नाही. मग उठून माळ्यावर गेली आणि गोळ्यांचा डबा घेऊन खाली आली.

डब्यात जेमतेम काही आठवड्यांचं औषध होतं. त्याला त्याची काळजी नव्हती. तिथला दवाखाना सरकारी, इथलाही सरकारी; तिथलं संपलं की इथलं घेईन, असा त्याचा साधा हिशेब. पण आमच्या कपाटात ती कॅप्सूल नव्हती. आमच्याकडे टीबीला इंजेक्शनं आणि दुसऱ्या, जुन्या गोळ्या होत्या. त्यांनीही माणूस बरा होई, पण वर्ष-दीड वर्ष लागे, आणि तेवढा वेळ फार थोडे पेशंट टिकत.

त्या शनिवारी मी घरी न जाता आधी जिल्ह्याच्या क्षयरोग अधिकाऱ्यांना भेटायला गेले. साताऱ्याकडचे, वयस्कर, अतिशय सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला चहा दिला आणि समजावून सांगितलं. हे नवं औषध केंद्र सरकार राज्याला देतं, राज्य एकेक जिल्हा निवडून तिथे सुरू करतं. आपल्या जिल्ह्याचा नंबर अजून लागलेला नाही. मुंबई महानगरपालिकेचं सगळंच निराळं. त्यांचे दवाखाने त्यांचे, त्यांचे पेशंटही त्यांच्या वॉर्डात राहणारे. माझा हा पेशंट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला नव्हता, फक्त आपल्या घरी आला होता. तरी औषधाच्या दृष्टीने तो हद्द ओलांडून आला होता.

मी विचारलं, मग आता आपली औषधं चालू करू का? ते म्हणाले, नको. तो इथेच आजारी पडला असता तर तेच केलं असतं. पण नवं औषध महिनाभर घेऊन, मध्येच बदललं तर आजार पुन्हा उसळायची भीती. चालू आहे तेच पुरं झालं पाहिजे.

त्यांनी मुंबईच्या त्या दवाखान्याला ट्रंक कॉल लावला. दुपारभर आम्ही फोनकडे बघत बसलो. मधल्या वेळात त्यांनी मला जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि कपाटं, मायक्रोस्कोप, माणसं यांचीही वाटणी कशी झाली ते. शेवटी फोन लागला. पलीकडे एक डॉक्टरबाई होत्या आणि त्यांच्यामागे दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. पेशंट हद्दीबाहेर गेला की त्याचं नाव कमी करावं लागतं, असं त्या म्हणत असाव्यात, कारण आमचे साहेब बराच वेळ नुसतं "खरंय, खरंय" म्हणत होते. मग ते म्हणाले, "बाई, पेशंट तुमचा आहे आणि माणूस माझ्या जिल्ह्यातला आहे. तुमच्याकडे औषध आहे, माझ्याकडे त्याला बघायला डॉक्टर आहे. आपण दोघांनी मिळून हा एक पुरा करू या."

ठरलं ते असं. मुंबईत वाडीतल्या पुरुषांची एक खोली होती, गावातले सगळे तिथेच उतरत आणि राहत. त्या खोलीतल्या कुणीतरी दर महिन्याला दवाखान्यात जाऊन औषध घ्यायचं आणि गावाकडे पाठवायचं. आम्ही इथे त्याचं वजन करायचं, थुंकी तपासायची आणि तिकडे कळवायचं. फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, "हे कुठल्या नियमात बसत नाही. पण कुठल्या नियमाने अडतही नाही. चालू ठेवा."

मला वाटलं होतं, खोलीतले लोक तयार होणार नाहीत. नवरा मुंबईत खोकू लागला तेव्हा त्याला गॅलरीत झोपायला लावणारेही तेच होते. पण त्याच्या शेजारच्या घरातला एक जण, जो डॉकमध्ये रात्रपाळीला होता, सकाळी न झोपता रांगेत उभा राहू लागला. औषध आमच्याकडे येई ते गावाकडे निघालेल्या कुणाही माणसाच्या पिशवीतून, खारी बिस्किटांच्या डब्यात, वर वर्तमानपत्राचा बोळा. एस.टी. स्टँडवर उतरलेला माणूस डबा आधी दवाखान्यात द्यायचा आणि मग घरी जायचा.

मुंबईच्या औषधांतच एक इंजेक्शनही होतं; त्या हिवाळ्यात सिस्टर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ते द्यायला वर जात. रोजच्या गोळ्यांचं काम बायकोने घेतलं. पेज झाली की ती समोर बसून गोळी गिळलेली बघे, मगच उठे. नवरा कुरकुर करी, पण ऐके. त्याचं अंग भरू लागलं. पडवीतून तो अंगणात, खळ्यात आला, खळ्यातून कुंपणाच्या गडग्यावर. पडलेले जांभ्याचे दगड पुन्हा रचायला लागला. मी एकदा वर गेले तेव्हा त्याने चहा स्वतः केला, मसाला घालून, कँटीनमध्ये करत तसा. बायको म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली पण ह्यांच्या हातचं मी या आजारातच खाल्लं. थुंकी तपासली ती साफ निघाली. मी आमच्या मायक्रोस्कोपवर विश्वास नको म्हणून रत्नागिरीलाही पाठवली. तिथूनही तेच उत्तर आलं.

मग शिमगा आला.

शिमग्याला कोकणातला माणूस मुंबईत राहत नाही. ती अख्खी खोली कुलूप लावून गावाला आली, डॉकमधला शेजारीही. महिन्याचं औषध घ्यायची तारीख नेमकी शिमग्यात पडत होती, आणि आधी जाऊन मागितलं तर तारखेआधी देता येत नाही असं त्याला सांगण्यात आलं होतं. तो आल्या आल्या आमच्याकडे आला आणि खाली मान घालून उभा राहिला. मी परत जातो आणि घेऊन येतो, म्हणाला. वर्षातून एकदा घरी येणारा माणूस, घरात लहान मुलं. मी त्याला जाऊ दिलं नाही.

वाडीत त्या दिवसांत दुसरीच चर्चा होती. पालखी घरोघर जाते, मग या घरी जाणार का? मानकऱ्यांपैकी दोघे सिस्टरकडे येऊन विचारून गेले. हे मला नंतर कळलं. सिस्टरनी त्यांना सांगितलं की आता त्याच्यापासून कुणाला काही होणार नाही, मी स्वतः त्या घरी जेवते. पालखी आली तेव्हा मी तिथे होते. नेहमीसारखीच आली, खळ्यात नाचली, बायकोने ओटी भरली. नवऱ्याला खांदा द्यायचा होता. मी नको म्हटलं, तेव्हा तो ढोलवाल्यांच्या मागे उभा राहून हाताने ताल धरत राहिला. घरातल्या सगळ्यांचे चेहरे त्या दिवशी कसे होते ते मला नीट सांगता येणार नाही. पण डब्यात दोनच दिवसांचं औषध उरलं होतं आणि माझं लक्ष पालखीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रत्नागिरीला साहेबांसमोर. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये या कॅप्सूल थोड्या असत. राज्याच्या खर्चातून, फक्त दाखल झालेल्या गंभीर पेशंटसाठी. बाहेरच्या पेशंटला देता येत नसत. "मग त्याला दाखल करू," ते म्हणाले, "मुंबईचं औषध येईपर्यंत." ते स्वतः माझ्याबरोबर सिव्हिलमध्ये आले, तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांशी बोलले. त्यांनीही फार खळखळ केली नाही. वॉर्डात कोपऱ्यातली एक खाट मिळाली.

अशा रीतीने चांगला धडधाकट झालेला तो माणूस शिमग्याचं घर सोडून रत्नागिरीच्या हॉस्पिटलात येऊन झोपला. बायकोही आली, दोघा मुलांना शेजारच्या घरी ठेवून. तिची सोय मी आमच्या घरी केली. मला आईची धाकधूक होती. आईने आधी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हिला नाही ना काही? मी नाही म्हटलं. संध्याकाळी चहा झाल्यावर बाईने आपला कप विसळून खिडकीत वेगळा ठेवला, तर आईने तो उचलून बाकीच्या कपांत नेऊन ठेवला. पुढचे दिवस दोघी मागच्या अंगणात कुळीथ निवडत बसत. आई तिला मुंबईबद्दल विचारी, आणि ती सांगे की मी अजून पाहिली नाही.

एका सकाळी मी वॉर्डात गेले तर खाट रिकामी. तो शेजारच्या म्हाताऱ्याला आधार देऊन संडासापर्यंत नेत होता. तिथल्या सिस्टर माझ्यावरच रागावल्या. राउंडच्या वेळी पेशंट खाटेवर दिसायला हवा, नाहीतर मोठे डॉक्टर त्याला घरी पाठवतील. त्या म्हणत होत्या ते बरोबरच होतं. मी त्याला खाटेवर बसवलं. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, मी मरायला टेकलो होतो तेव्हा मला कुणी खाट दिली नाही. आता बरा झालोय, तर कुणी उठू देत नाही."

मी म्हटलं, "औषध खाटेला मिळतंय, तुम्हाला नाही. थोडे दिवस खाट सांभाळा."

तो हसला आणि पाय वर घेऊन आडवा झाला. चादरही ओढून घेतली.

शेजारी मुंबईला परतला, पहिल्याच सकाळी रांगेत उभा राहिला आणि खारीचा डबा या वेळी थेट रत्नागिरीच्या स्टँडवर आला. नवऱ्याला घरी सोडलं. निघताना बायको आईच्या पाया पडली, आणि आईने तिला परसातला नारळ दिला. पुढचे महिने सुरळीत गेले. लावणी संपली त्या सुमारास औषधाचा कोर्स पुरा झाला. शेवटच्या तपासणीचा निकाल मी साहेबांना कळवला, त्यांनी मुंबईच्या डॉक्टरबाईंना. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. साहेब सांगत होते, त्यांनी फोनवर दोनदा विचारून घेतलं, नक्की पुरा केला ना?

मला मनातून वाटत होतं की आता तो गावातच राहील. गडगे चांगले रचत होता, शेती होती, आंब्याची थोडी कलमं होती. पण गणपती झाले आणि तो मुंबईला गेला. जुनी नोकरी कधीच गेली होती. दुसऱ्या एका कँटीनमध्ये लागला. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. सिस्टर म्हणाल्या, "इथं पोट भरलं असतं तर पहिल्यांदा तरी कशाला गेला असता?"

पुढच्या वर्षी आमच्या जिल्ह्याचा नंबर लागला. जीपमधून खोकी आली, मी ती स्वतः कपाटात लावली. तोवर साताऱ्याचे साहेब बदलून घाटावर गेले होते. नव्या पेशंटना औषध आमच्याच दारात मिळू लागलं आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ते तसंच असायला हवं होतं. रंगाची गोष्ट मी प्रत्येकाला आधी सांगत असे, आणि मान हलवली तरी पुन्हा विचारून घेत असे की काय सांगितलं ते मला सांग.

मग माझी बदली गुहागरला झाली. सामान आधी गेलं होतं, मी देवरूखच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते, तेव्हा ती बाई दिसली. बरोबर ट्रंक, तांदळाची गोणी आणि दोन्ही मुलं. नवऱ्याला उपनगरात कुठेतरी भाड्याची खोली मिळाली होती. तो एकटा वेळेवर जेवत नाही, म्हणून ती जात होती. मी तब्येत विचारली. चांगली आहे म्हणाली. पण तिला एक काळजी होती, आणि ती तिने मला पाहिल्यावर लगेच काढली.

"बाई, उद्या काय झाला तर तकडं आमाला कुनाचा दवाखाना? तुमचा, का रत्नागिरीचा, का त्या पयल्या बाईंचा?"

मी तिला विचारलं, खोली नेमकी कुठे आहे? तिला जागेचं नाव येत होतं, पण ती जागा मुंबईच्या हद्दीत येते की ठाण्याच्या हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी म्हटलं, हद्दीत असेल तर महानगरपालिकेचा, पण तो पहिला नव्हे, त्या भागातला दुसरा. हद्दीबाहेर असेल तर तिकडच्या जिल्ह्याचा. गेल्यावर आधी नवऱ्याला तेवढं विचारून ठेवायला सांग, आणि पूर्वी काय झालं होतं, कोणतं औषध किती महिने घेतलं, ते सगळं न विसरता डॉक्टरांना सांगायचं.

तिने नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पुन्ना पयल्यापास्ना सांगाया लागनार," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

मुंबईची गाडी लागली. मी धाकट्याला उचलून वर दिलं, कंडक्टरने ट्रंक टपावर चढवली. खिडकीत बसल्यावर तिने मुलांना मला हात करायला लावलं, आणि माझ्या आईला नमस्कार सांगायला गाडी वळेपर्यंत ती मला ओरडून बजावत होती.